काकीचं म्हणणं

नंदुरबार, ४ फेब्रुवारी २०२५

ममता,

सगळं बदललं ते त्या क्षणी, जेव्हा काका केळीच्या बागेत ठिबकची नळी बघायला वाकले आणि परत सरळ झालेच नाहीत. मी दोन ओळी सोडून उभा होतो. आधी वाटलं, काहीतरी शोधताहेत. केळीच्या बागेत दुपारी कसा उजेड असतो ते तुला माहीत नसेल, तुमच्याकडे डोंगरात कुठली एवढी केळी. पानांतून गाळून येतो, हिरवा, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटायला लावणारा. त्या उजेडात काका एका अंगावर इतके सावकाश कलले की मला ते पडणं वाटलंच नाही. वाटलं, निजले. दमले असतील म्हणून मी थोडा वेळ हाकही मारली नाही.

पितांबरकाका, माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. तू त्यांना एकदाच भेटलीस, सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात. त्यांनी तुला गोडीशेव घेऊन दिली होती आणि तू अर्धी मला न देता संपवली होतीस. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाई पोर तुले गप्प करी टाकस. माले आवडनी." आवडलीस तू त्यांना. आमच्या घरात तुझ्याबद्दल माहीत असलेला तो एकच माणूस. तोच आता बोलत नाही.

तू माझा नंबर बंद करून टाकलायस म्हणून हे कागदावर. बडोद्याचा पत्ता तुझ्या मैत्रिणीने, काजलने दिला. तिला ओरडू नकोस, मी तिच्या दारात जेवणाच्या वेळी जाऊन बसलो होतो आणि उठत नव्हतो. आणि भरतचं म्हणशील, तर धडगावच्या स्टँडवर तुझ्या भावाची कॉलर मी धरली हे खरं, पण तो जे बोलला ते कॉलर धरण्यासारखंच होतं. ते जाऊ दे. हे पत्र त्यासाठी नाही.

इथे खाजगी दवाखान्यात आहेत ते, वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात. मेंदूत रक्तस्राव झालाय. आणलं तेव्हा डॉक्टर मॅडम विचारायला लागल्या, श्वास कमी पडतोय, घशात नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल, घरचं कोण आहे? बाबा खाली गाडी लावत होते. काकी माझ्या मागे होती. मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, घाला, विचारत काय बसलात. जरा मोठ्यानेच म्हटलं. तिथल्या नर्सने माझ्याकडे तुझ्यासारखं पाहिलं.

आता बाहेर लांब बाक आहे, त्यावर माझं घर. काचेतून काका दिसतात. छाती वर येते, थांबते, खाली जाते, आणि शेवटी यंत्र हळूच टक करतं. इतकं नेमाने की थोड्या वेळाने माझाही श्वास त्याच्या चालीवर जातो. डोळा लागला की एकच स्वप्न. तोरणमाळ, धुकं. तलाव दिसत नाही, पाण्याचा वास तेवढा येतो. तू पुढे चालतेस, मी मागे, आणि धुकं आत-बाहेर होतंय. मी विचारतो, कोण श्वास घेतंय गं एवढ्या मोठ्याने? तू सांगत नाहीस.

मला एकच सांग, तू नर्स आहेस, रोज हेच काम करतेस म्हणून विचारतो. मशीनवरच्या माणसाला ऐकू येतं का? मी त्यांना बागेचं सांगत असतो. कुठला घड कापायला आला, कुठे करपा दिसला. सगळं थापा. मी बागेत गेलेलोच नाही.

धीरज


नंदुरबार, ८ फेब्रुवारी

ममता,

उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागतो असं मी मनाला सांगतो. मन ऐकत नाही, ते माझ्यावर गेलंय.

काल डॉक्टर रंजिता मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. बाबा, काकी आणि मी. मॅडम हळू बोलतात, तेच जास्त लागतं. म्हणाल्या, ते जागे होणार नाहीत. पुन्हा तपासलं, दुसऱ्यांना दाखवलं, तेच आहे. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. तर आता एक म्हणजे गळ्याला छिद्र पाडून यंत्र तिथून जोडायचं, मग महिने जातील, असेच. नाहीतर यंत्र काढायचं, त्रास होऊ नये म्हणून औषध चालू ठेवायचं, आणि जे व्हायचं ते होऊ द्यायचं.

मी उभा राहिलो. म्हटलं, मारायचं म्हणा ना सरळ.

बाबांनी माझा शर्ट ओढला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजार त्यांना नेतोय, धीरज. मी त्याला दारात अडवून धरलंय. कुठवर धरू, ते तुम्हाला विचारतेय."

मग त्यांनी कायदा सांगितला, तुला माहीतच असेल. चोरून करायची गोष्ट नाही, कोर्टाने वाट घालून दिली आहे. माणसाने आधीच साक्षीदारांसमोर लिहून ठेवलं असेल तर सोपं. काका असलं काय लिहिणार, लग्नपत्रिकेवर नावं घालतानाही ते माझ्याकडून लिहून घ्यायचे. लिहिलेलं नसेल तर जवळच्यांनी सांगायचं, त्यांना काय हवं असतं. आधी बायकोने. मग दवाखान्यातले डॉक्टर बसून ठरवतील, मग दुसरं मंडळ बसेल, त्यात सरकारकडून नेमलेला डॉक्टर, मग न्यायाधीशांना कळवायचं.

बाबा म्हणाले, त्यापेक्षा आम्ही सही करून घरीच नेतो ना, लोक नेतातच. मॅडम म्हणाल्या, नेतात, आणि वाटेत गाडीत घुसमटून जातात. मी तुमच्या भावाला तसं पाठवणार नाही.

बाबांना भीती वेगळीच. काकांना मूलबाळ नाही, मळा तापीकाठी, पाण्याचा. भावाची नळी काढली आणि मळा नांगरला, असं गाव म्हणेल, हे ते मॅडमना दोनदा सांगून झाले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि काकीकडे वळल्या. प्रमिलाबाई, तुम्ही सांगा.

आता इथे तुला आमचं एक समजावून सांगायला हवं. तुमच्यात बायका भर बाजारात नवऱ्याला सुनावतात, मी स्वतः पाहिलंय. आमच्यात बाई जेठापुढे बोलत नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांनी तिचा चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. फक्त बांगड्या ऐकल्यात. ते अंगणात आले की ती बांगडी वाजवते, म्हणजे मी इथे आहे, जरा थांबा. भिंतीला भिंत लागून घरं, आणि हे असं. काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. बोलायला लागलो तेव्हापासून माझी हीच नोकरी. काकी कानात सांगायची, मी मोठ्याने म्हणायचो. काकी म्हणते, रोपं कधी येणार? काकी म्हणते, आज भाजीत मीठ कमी आहे, चालवून घ्या. कधी मी माझंही घुसडून द्यायचो. काकी म्हणते, धीरजला सायकल घ्या. सायकल आली होती. काकी आठवडाभर पदरात हसत होती.

तर मॅडमनी विचारलं तेव्हा काकी भिंतीकडे तोंड करून बसलेली, पदर हनुवटीपर्यंत. तिने माझी बाही धरली, मला खाली ओढलं आणि कानात सांगितलं. मी सरळ झालो आणि मॅडमना म्हटलं, काकी म्हणते, अजून थांबा.

बाबांनी मान हलवली. मॅडमनी पदराकडे पाहिलं, मग म्हणाल्या, ठीक आहे, पण पुढच्या शनिवारी गळ्याच्या छिद्राचं ठरवावंच लागेल. काकीने माझी बाही सोडली.

एवढंच झालं.

काल पुन्हा धुकं होतं. तू थांबली होतीस, पण पाठमोरी.

धीरज


नंदुरबार, १२ फेब्रुवारी

ममता,

काल तुझा आवाज ऐकला.

परका नंबर होता. मी जिन्यात बसलो होतो, खिडकीतून समोरच्या भिंतीवर ऊन सरकताना बघत. तू 'मी बोलतेय' म्हणालीस आणि सगळा जिना जरासा पाण्यावर आल्यासारखा हलला. तू मला कसा आहेस विचारलं नाहीस. जेवतोस का विचारलं नाहीस. एवढंच विचारलंस, "काकी स्वतः बोलल्या?"

मी म्हटलं, हो.

"त्यांच्या तोंडाने, का तुझ्या?"

मी फोन कापला. मग फेकला. काच गेली, आता त्यात कुणाचंही नाव दोन तुकड्यांत दिसतं. संध्याकाळपर्यंत मी तुझ्यावर इतका चिडलेलो होतो की बडोद्याच्या गाडीत बसून येऊन भांडावंसं वाटत होतं. तू म्हणाली होतीस ना, तू आधी पेटतोस आणि मग काय जळतंय ते बघतोस. तेच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, सगळं बदललं तो क्षण केळीच्या बागेतला. नाही. तो क्षण मॅडमच्या खोलीतला आहे. काकीने माझ्या कानात जे सांगितलं ते असं होतं: "त्यास्ले आते जाऊ द्या. त्यास्नी माले सांगेल शे."

आता त्यांना जाऊ द्या. त्यांनी मला सांगून ठेवलंय.

आणखीही सांगितलं होतं तिने, भराभर, श्वास न घेता, कारण जेठासमोर एवढं कुजबुजणंही तिला फार होतं. गावातले नवलसिंगदादा मागच्या वर्षी असेच गळ्याला छिद्र घेऊन पडून होते. काका त्यांना बघून आले, ओट्यावर बसले, जेवले नाहीत. तिला म्हणाले, मला कधी असं ठेवू नका. मी चालत आलो, चालत जाईन. ममता, हा माणूस स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसला नव्हता, दुसऱ्याच्या पायांनी मांडवात कशाला जायचं म्हणून. काकीचं खोटं असूच शकत नाही. तिने सांगितलं त्यात मला काकांचा आवाज ऐकू येत होता.

आणि तरी तोंड उघडलं तर बाहेर आलं, थांबा.

मी विचार करून केलं असंही नाही, आणि चुकून झालं असंही नाही. त्या एका क्षणात मला काकीचा राग आला होता. बायको असून जाऊ द्या म्हणते. आणि हेही कळत होतं की बाबा समोर असताना ती मला खोडू शकत नाही. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी ते घेऊन पळालो.

तिने मला काही म्हटलं नाही. डबा आणते, पाणी देते. पण काल तू फोन ठेवल्यावर, म्हणजे मी फेकल्यावर, मी वर आलो. बाकाच्या टोकाला काकी एकटीच बसली होती, पदर डोक्यावर, चेहरा उघडा, खिडकीकडे बघत. संध्याकाळचं केशरी ऊन तिच्या गालावर. मी तिला असं कितीतरी दिवसांनी पाहिलं. मी जवळ गेलो. तिने मला पाहिलं आणि पदर पुढे ओढला. नाकाच्याही खाली.

माझ्यापुढे, ममता. ज्याला तिने अंघोळ घातली, ज्याचं पोट दुखलं की आई आधी तिला हाक मारायची, त्या माझ्यापुढे. मी म्हटलं, काकी. तिने बांगडी वाजवली.

मी तिथेच थांबलो. आमच्या घरात ती बांगडी वाजली की थांबतात.

मग झोप नाही, जाग नाही, असं काहीतरी. काका तापीत उभे होते, पाणी घोट्याएवढं, पलीकडच्या काठावर कुणाची तरी केळी, सगळं हिरवं आणि स्वच्छ. मी मागून त्यांचा सदरा धरलेला. ते ओढून घेत नव्हते, वळूनही बघत नव्हते. नुसते उभे, मी सोडेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती.

तुलाही मी असंच धरून ठेवलं होतं का? याचं उत्तर पाठवू नकोस.

धीरज


नंदुरबार, १५ फेब्रुवारी

ममता,

हे मी बाकावर बसून लिहितोय. आत अजून बोलणं चाललंय. शेजारी बाबा आहेत, डोळे मिटून. झोपलेले नाहीत, त्यांचा अंगठा टोपीच्या कडेवरून फिरतोय.

सकाळी लवकर आलो. काकांजवळ दोन मिनिटं जाऊ देतात. आज मी बागेच्या थापा मारल्या नाहीत. त्यांचा हात धरला, तो गरम होता, आणि त्यांचा श्वास यंत्राच्या चालीने येत-जात होता. मी माझा श्वास त्या चालीवरून काढून घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही.

मग मॅडमची खोली. पडद्यातून येणारं ऊन टेबलावर, त्यात धूळ तरंगत होती, अगदी सावकाश, जणू खोलीला कसलीच घाई नव्हती. बाबा खुर्चीत, काकी कोपऱ्यात भिंतीकडे, मी मध्ये, नेहमीच्या जागी. मॅडमनी छिद्राचं पुन्हा समजावलं आणि विचारलं, "प्रमिलाबाईंचं म्हणणं अजून तेच आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काकीकडे वाकलो. तिने बाही धरली नाही. काही बोललीही नाही.

"सांग ना भो," बाबा म्हणाले. "काय म्हनस ती?"

"काहीच म्हणत नाही."

"मंग थांबानंच शे." बाबांनी मॅडमकडे हात केला, लिहा म्हणून.

ममता, मला तेव्हा तू आठवलीस, असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल. खरंच नाही आठवलीस. कुणीच आठवलं नाही. मला फक्त काकीची पाठ दिसत होती, पदराखाली, ताठ.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी काकी थांबा म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो."

मॅडमनी पेन खाली ठेवला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठून कानफटात मारतील, आणि मी खाणार होतो. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मंग ती काय म्हनेल व्हती?"

"ते ती सांगेल. आपण इथे असेपर्यंत नाही सांगणार."

"मी भाऊ शे त्याना."

"काकी बायको आहे."

"अर्धं कॉलेज करीसन माले कायदा शिकाडस?"

"कायदा मॅडम सांगतील. मी फक्त चला म्हणतोय. बाहेर चहा घेऊ."

"चहा आत्तेच पिधा."

एरवी मी इथे भडकलो असतो. तोंडात सगळं तयार होतं, मळा, गाव, तुमची इज्जत, सगळं. ते मी तसंच आत ठेवलं आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. बाबा भिंतीकडे बसलेल्या आपल्या भावजयीकडे बघत नव्हते, पण न बघता सगळं लक्ष तिकडेच होतं. मग त्यांनी मॅडमना विचारलं, मराठीत, शाळेत मास्तरांना विचारावं तसं, "मी बाहेर गेलो, तर मी हो म्हटलं असं होईल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बाहेर होतात, एवढंच होईल. त्यांना विचारून झालं की तुम्हाला वेगळं विचारीन. तुमचं म्हणणं तुमचं राहील."

बाबांनी टोपी घातली. उठताना गुडघा धरला, मी हात दिला, त्यांनी घेतला. दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. मागे वळले नाहीत. मला म्हणाले, "तिले सांग. त्यानी जे सांगेल व्हतं, तेच सांगजो."

सवयीने मी तोंड उघडलं, काकी, बाबा म्हणतात. आणि मिटलं. तिला ऐकू आलं होतं. खोली एवढीशी, आणि बाबांचा आवाज तिने जन्मभर ऐकलाय.

बाबा बाहेर गेले. मी त्यांच्यामागे. उंबऱ्यावर पाय असतानाच आत काकीचा आवाज आला, उघडा, घोगरा, आमच्या घरात कुणी मोठ्याने ऐकला नव्हता असा. "मॅडम," ती म्हणाली. तिचं पुढचं माझ्या कानावर येण्याआधी मी बाहेर पाऊल टाकलं आणि दार लावून घेतलं.